औषध कपाटात होतं

मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य,
मा. मंत्री, महिला व बालविकास,
मा. आयुक्त, आरोग्य सेवा, महाराष्ट्र राज्य यांना



केंद्राच्या २०२५-२६च्या अर्थसंकल्पात एक घोषणा झाली. तीन वर्षांत देशातल्या सगळ्या जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे केअर केंद्रं होणार आणि त्यातली २०० त्याच वर्षात सुरू करायची. आपल्या राज्यात ही केंद्रं उभी राहताना त्यात लहान मुलांचा विचार पहिल्यापासून व्हावा, म्हणून हे पत्र लिहिते आहे. खुर्च्या किती, सिस्टर कोण, औषधांची यादी कोणती, हे सगळं मोठ्या माणसाच्या मापानं एकदा ठरलं की चार वर्षांच्या मुलाला तिथं मागाहून जागा होत नाही. आमच्या खात्यात इतकी वर्षं काढल्यावर एवढं मला कळतं.

मी मराठवाड्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाला चौथ्या वर्षी रक्ताचा कर्करोग निघाला. ॲक्युट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग हाच, आणि नीट उपचार झाले तर बरा होणाराही. उपचार मुंबईत चालू आहेत. पहिले महिने बहीण आणि तिचा नवरा दोघंही मुलासोबत तिकडे होते. त्यांची मोठी मुलगी तेव्हा दुसरीत होती. ती माझ्याकडे राहिली. त्यामुळे या आजाराच्या दोन्ही बाजू मी पाहिल्या, वॉर्डातली आणि मागे राहिलेल्या घराची. सरकारच्या आरोग्य योजनेत पहिली बाजू येते. दुसरीला अजून कुठल्याच कागदात जागा नाही.

योजनेनं जे दिलं ते आधी सांगते. २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी या नावानं सुरू झालेली आणि २०१७पासून महात्मा फुले यांच्या नावानं चालणारी ही योजना नसती, तर आमच्या घरातलं हे मूल आज नसतं. आता पाच लाखांपर्यंतचं कवच आहे. केमोचं बिल बहिणीच्या हातात कधी पडलं नाही. दोन एकर कोरडवाहू आणि बाकी मजुरी अशा घरासाठी ही साधी गोष्ट नाही, आणि आम्ही ती विसरणार नाही.

पण हा उपचार अडीच-तीन वर्षांचा असतो. सुरुवातीचे काही महिने रुग्णालयाच्या आसपासच काढावे लागतात. नंतर ‘मेंटेनन्स’ सुरू होतं. तेव्हा मूल घरी येतं, रोज रात्री मर्कॅप्टोप्युरिनची गोळी, आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, मधूनमधून रक्ताची तपासणी आणि ठरलेल्या तारखेला मुंबईची फेरी. हा टप्पा जवळजवळ दोन वर्षं चालतो. म्हणजे उपचाराचा मोठा भाग गावात होतो आणि तो कोण करतं? आई करते. माझी बहीण दहावीपर्यंत शिकली आहे. ब्लेडनं गोळीचे दोन भाग करते. एक दिवस अख्खी, एक दिवस अर्धी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अख्खीला गोल, अर्धीला अर्धगोल. भांडी घासायच्या आधी, मुलगा जेवून दोन तास झाल्यावर, हात धुऊन, फरशीवर ताट ठेवून त्यात ती गोळी कापते, म्हणजे उडालेला तुकडा हरवायला नको. मर्कॅप्टोप्युरिनचे डोस शंभरात पाचाहून जास्त चुकले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं या आजारावरचा अभ्यास सांगतो. एवढी मोठी जबाबदारी या राज्यात कितीतरी बायका स्वयंपाकघरात बसून पार पाडताहेत, आणि आरोग्य खात्याच्या एकाही रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नाही.

आता त्या रात्रीचं सांगते.

मेंटेनन्समध्येच होता तो. संध्याकाळी खेळला, जेवला. रात्री अकराच्या पुढे अंग तापलं. बहिणीनं काखेत थर्मामीटर लावला, एकशे एकच्या वर. तिच्या फाईलमध्ये एक छापील कागद आहे, मुंबईच्या डॉक्टरांनी दिलेला. त्यावर मराठीत लिहिलंय की केमो चालू असलेल्या मुलाला १००.४च्या वर ताप आला तर थांबू नका, क्रोसीन देऊन वाट पाहू नका, लगेच रुग्णालयात जा. खाली इंग्रजीत डॉक्टरांसाठी सूचना आहेत की रक्ताचे काउंट तपासा आणि रिपोर्टची वाट न पाहता तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू करा. कारण पांढऱ्या पेशी कमी असल्या की साधा जंतूसुद्धा काही तासांत रक्तात पसरतो. ज्या आजारातून मूल उठत असतं, त्याच्याऐवजी एखादा ताप त्याला घेऊन जातो.

गावातल्या एकाची गाडी काढली. तालुक्याला पोचलो. ड्यूटीवरचे डॉक्टर तरुण होते, झोपेतून उठून लगेच आले. कागद त्यांनी पूर्ण वाचला. मग म्हणाले, “ताई, हे कॅन्सरचं मूल आहे. मुंबईचे उपचार चालू आहेत. मी काही दिलं आणि उलटं झालं तर? तुम्ही जिल्ह्याला न्या.” जिल्ह्याला गेलो. तिथंही तेच उत्तर, फक्त जरा मोठ्या आवाजात. संभाजीनगरला न्या, नाहीतर मुंबईला. बहीण कागद पुढे करत राहिली. मुलगा तिच्या खांद्यावर निपचित. आमचे जावई सारखे मुंबईच्या नंबरवर फोन लावत होते. पहाटेच्या सुमारास तिकडच्या एका निवासी डॉक्टरांनी उचलला. ते इकडच्या डॉक्टरांशी पाच मिनिटं बोलले, औषधाचं नाव सांगितलं, वजनावरून डोस सांगितला. इकडच्या सिस्टरनं वॉर्डातलं कपाट उघडलं आणि तेच इंजेक्शन काढलं.

औषध कपाटात होतं. सलाईन होतं, शीर शोधणारा हात होता, डॉक्टर होते. रात्रभर ते सगळं आमच्यापासून दहा पावलांवर होतं. मिळत नव्हता फक्त तो अधिकार, की “हो, हे मूल आमचंही आहे, याला पहिला डोस आम्ही द्यायचा.”

भाचा वाचला. त्या दोन्ही डॉक्टरांवर माझा राग नाही. ज्याला कुणी कधी शिकवलं नाही, ज्याच्यामागे कुठला लेखी आदेश नाही, तो तरुण माणूस रात्री एकटा असताना घाबरणारच. राग आहे तो याचा, की मुंबईच्या पाच मिनिटांच्या फोनवर जे होऊ शकतं त्याची व्यवस्था अगोदर कुणी करून ठेवली नव्हती.

म्हणून पहिली मागणी. राज्यातल्या प्रत्येक जिल्हा, उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाला एक लेखी आदेश द्या की केमो चालू असलेलं मूल ताप घेऊन आलं, तर रेफर करायचा विचार नंतर करायचा आणि पहिला डोस तिथंच, तासाभरात द्यायचा. सोबत भिंतीवर लावायचा तक्ता, त्यात वजनानुसार डोस. प्रत्येक जिल्ह्यात एक बालरोगतज्ज्ञ या मुलांसाठी नेमून द्या आणि त्यांच्या मोबाइलमध्ये उपचार करणाऱ्या केंद्राचा रात्रीही उचलला जाणारा नंबर असू द्या. नातेवाइकांनी तो नंबर फिरवत बसायचा नाही, डॉक्टरांनी डॉक्टरांशी बोलायचं. यासाठी इमारत लागत नाही, यंत्र लागत नाही. सर्पदंशाच्या लसीचं आपण हे केलंच ना? पूर्वी साप चावला की माणूस तालुक्यावरून जिल्ह्याला आणि तिथून पुढे फिरत राहायचा. आज प्राथमिक आरोग्य केंद्रातही लस ठेवतात आणि देतात.

आपल्याकडे याला लागणारं जाळं नाही असंही नाही. टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकारानं २०१२मध्ये नॅशनल कॅन्सर ग्रिड सुरू झालं, त्यात देशभरातली रुग्णालयं जोडलेली आहेत. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावात १९८२पासून नर्गिस दत्त यांच्या नावाचं कर्करोग रुग्णालय चाललंय, आणि देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७मध्ये तिथंच सुरू झाली. बार्शीत हे होऊ शकलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणी व्हायला काय अडचण आहे?

औषधांचंही बोलायला हवं. मुंबईच्या वॉर्डात एका डॉक्टरबाईंनी मला सांगितलं होतं, ते मी नंतर वाचूनही काढलं. १९४०च्या दशकापर्यंत हा आजार झालेलं मूल काही आठवड्यांत, फार तर महिन्यांत जायचं. १९४८ साली बोस्टनला सिडनी फार्बर यांनी ॲमिनोप्टेरिन देऊन काही मुलांचा आजार, तात्पुरता का होईना, मागे हटवून दाखवला. ते औषध ज्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून आलं, तिथं संशोधनाचे प्रमुख होते भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट माझा भाचा दर आठवड्याला घेतो. ही औषधं जुनी आहेत, इथंच बनतात, महागही नाहीत. तरीही आमच्या तालुक्यातल्या मेडिकलमध्ये मर्कॅप्टोप्युरिन मागितलं तर “ऑर्डर द्यावी लागेल, आठ दिवस लागतील” म्हणतात. पावसानं गाडी चुकली, मुलगी आजारी पडली, हातात पैसे नव्हते, यातल्या कुठल्याही कारणानं मुंबईची तारीख पुढे गेली की घरातल्या गोळ्या मोजाव्या लागतात. या दोन गोळ्या जिल्हा रुग्णालयाच्या औषध भांडारात बारा महिने ठेवा. डे केअर केंद्रात मुलाच्या हाताची शीर सापडणारी, मुलांची सवय असलेली एक तरी सिस्टर द्या. आणि जिल्ह्याच्या रक्तपेढीत प्लेटलेट मिळायची सोय करा. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्यामुळे त्या दुसऱ्या शहरातून आणून साठवता येत नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८मध्ये बालकर्करोगासाठी एक जागतिक उपक्रम सुरू केला. २०३०पर्यंत निदान साठ टक्के मुलं वाचावीत हे त्याचं उद्दिष्ट. श्रीमंत देशांत आजच ऐंशी टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत तीस टक्केसुद्धा होत नाहीत. आजार तोच, औषधं बहुतेक तीच. मग मधली मुलं कुठं जातात, याची कारणं संघटनेनंच सांगितली आहेत. निदानाला उशीर, चुकीचं निदान, उपचारापर्यंत न पोचणं, उपचारातल्या संसर्गानं वा दुष्परिणामानं मृत्यू, आजार उलटणं, आणि उपचार अर्धवट सोडणं.

या शेवटच्या कारणापाशी मला थांबायचं आहे. कागदावर ते आईबापाच्या नावावर लागतं. ‘पालकांनी उपचार सोडले.’ ते का सोडतात, हे मी वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसून ऐकलेलं आहे.

पहिल्या महिन्यात मुलाला स्टेरॉइड असतं. त्यानं भूक अशी लागते की मूल रात्री तीनला उठून पिठलं-भाकरी मागतं आणि दिलं नाही तर भिंतीवर डोकं आपटतं. चेहरा सुजतो, स्वभाव बदलतो. बाहेरचं खायला द्यायचं नाही, ताजं आणि गरमच हवं. म्हणजे आईला एक शेगडी, एक खोली आणि स्वच्छ पाणी हवं. रुग्णालयाच्या आसपास, परळमध्ये ते कुठून आणायचं? नाना पालकर स्मृती समितीसारख्या संस्था आहेत, दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, २००६पासून सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स या मुलांना आणि आईबापांना फुकट राहायला देतात. या लोकांचे उपकार आहेत. पण जागेला मर्यादा आहे आणि येणारी घरं थांबत नाहीत. परळच्या फुटपाथवर तोंडाला मास्क लावलेली, डोक्याचे केस गेलेली मुलं प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली झोपतात, हे मुंबईत राहणाऱ्या कुणालाही माहीत आहे. ज्याला गर्दीत नेऊ नका असं डॉक्टर बजावतात, ते मूल रस्त्यावर झोपतं.

इकडे गावात जमीन बटईनं द्यावी लागते. बहिणीनं दिली. दोन शेळ्या विकल्या, मग डोरलं गहाण पडलं. निदान व्हायच्या आधीच्या खासगी तपासण्या, भाडं, खाणं, येणं-जाणं हे योजनेत येत नाही. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट लागत नाही आणि सोबतच्या एका माणसाला पाऊण सवलत मिळते, हे खरं. त्यासाठी रुग्णालयाचा फॉर्म आणि खिडकीवरची रांग लागते, आणि देवगिरी एक्स्प्रेसची बर्थ त्या दिवशी मिळेलच असं नाही. बापाची मजुरी जाते. सरकारी नोकरीतल्या आईला बालसंगोपन रजा आहे. सोयाबीन काढणारीला कसली रजा? आणि सहा महिने झाले, मुलाचे केस परत आले, ते हसायला-खेळायला लागलं की गावातलं प्रत्येक तोंड म्हणायला लागतं, “आता बरं झालंय की. कशाला पुन्हा सुया टोचता लेकराला?” एखादा बाहेरचं बघा म्हणतो, अंगारा आणून देतो. उधारी डोक्यावर, दुसरं लेकरू दुसऱ्याच्या दारात, आणि डोळ्यांसमोरचं मूल ठणठणीत दिसतंय. अशा वेळी एखादा बाप पुढच्या तारखेला जात नाही. त्याला निष्काळजी म्हणायची माझी हिंमत नाही.

हे बदलता येतं याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. टाटा रुग्णालयाच्या बालकर्करोग विभागानं पैसा, निवारा, जेवण, समुपदेशन आणि न आलेल्या घराला फोन करणं हे सगळं एकत्र बांधलं, तसं उपचार सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण खूप खाली आलं. म्हणजे घर सावरलं की मूल टिकतं. मग हे काम देणग्यांवर का सोडायचं?

क्षयरोगाच्या रुग्णाला निक्षय पोषण योजनेत २०१८पासून दरमहा ५०० रुपये खात्यात मिळायचे, २०२४च्या नोव्हेंबरपासून ते १००० झाले. औषध फुकट दिलं तरी पोट भरल्याशिवाय उपचार पूर्ण होत नाही, हे सरकारनं तिथं मान्य केलं. मग केमो घेणाऱ्या मुलाच्या घराला उपचार संपेपर्यंत दरमहा ठरावीक रक्कम का नको? संजय गांधी निराधार योजनेत कर्करोगाचं नाव आहे, पण ती स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या निराधाराचा विचार करते आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावं म्हणते. चार वर्षांचं मूल कुणाचा चरितार्थ चालवतं? त्याच्या आजारानं घरातले दोन कमावते हात थांबतात, ते कुठल्या रकान्यात लिहायचं? निक्षयसारखीच साधी, थेट आईच्या खात्यात जाणारी मदत हवी. उपचार चालू असल्याचा रुग्णालयाचा कागद हाच पुरावा धरा. दर वर्षी तहसीलमध्ये उत्पन्नाच्या दाखल्यासाठी त्या बाईला उभं करू नका.

महिला व बालविकास मंत्र्यांना माझ्या भाचीबद्दल सांगायचं आहे, कारण ती आपल्या खात्याच्या वयातली आहे.

भाऊ मुंबईला गेला तेव्हा तिला एवढंच सांगितलं होतं की त्याच्या रक्तात दोष आहे. पुढे शाळेतल्या पोरांनी बाकीचं सांगितलं. काहींनी तिच्यासोबत डबा खाणं सोडलं. घरी त्यांना हा आजार लागतो असं सांगितलं होतं. मी शाळेत जाऊन गुरुजींशी बोलले, त्यांनी वर्गात समजावलं, मग ते थांबलं. रोज रात्री आठला आईचा व्हिडिओ कॉल यायचा. पहिल्या महिन्यात ही पोर सगळं सांगायची. कुणी ढकललं, कुठं खरचटलं. हळूहळू तिनं फक्त चांगलं सांगायला सुरुवात केली. दात दुखत होता तो आठ दिवस लपवला. का, विचारलं तर म्हणाली, “आई रडते मग.”

चार महिन्यांनी भाऊ पहिल्यांदा घरी येणार होता. तिनं त्याच्यासाठी चिंचोके जमवून ठेवले होते. आणि आदल्या दिवशी तिच्या अंगावर पुरळ आलं, कांजिण्या. केमो घेणाऱ्या मुलाला कांजिण्या झाल्या तर जिवावर बेततं. बहिणीनं मुंबईला फोन केला. भेट नाही, एका छपराखाली तर अजिबात नाही. भाऊ आजीच्या घरी, ही माझ्याकडे, मध्ये अर्ध्या गावाचं अंतर. तो परत गेला तेव्हा हिच्या खपल्या अजून पडायच्या होत्या. शेजारची म्हातारी म्हणाली, माता आली आहे, पोरीनं काहीतरी अपराध केला असेल. सात वर्षांची पोर ते ऐकून बसली. ते तिच्या डोक्यातून काढायला मला भाऊ पुन्हा घरी येऊन तिच्याजवळ झोपेपर्यंत वाट पाहावी लागली.

कांजिण्यांची लस आहे. बाजारात मिळते, हजारांत किंमत आहे. ती सरकारी लसीकरणाच्या तक्त्यात नाही, म्हणून माझ्या अंगणवाडीत कधी येत नाही. केमो घेणाऱ्या मुलाच्या निरोगी भावंडांना ती फुकट द्या. अशी भावंडं एका जिल्ह्यात असून असणार किती? एवढा खर्च कुठल्याही जिल्हा नियोजन समितीला पेलेल. शिवाय अशा घरातल्या मुलांना पल्स पोलिओच्या दिवशी तोंडावाटे थेंब पाजायचे की टोचायची लस द्यायची, हे डॉक्टरांना विचारायला हवं. थेंबांत जिवंत विषाणू असतो. बूथवर बसणाऱ्या आम्हा सेविकांना हे कुणी सांगत नाही; घरोघर जाऊन “राहिलेलं बाळ” शोधून पाजण्याचंच आमचं उद्दिष्ट असतं.

निदानाचं थोडक्यात लिहिते, कारण ते तज्ज्ञांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३मध्ये आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा शाळेत येतं, पोरांना डोक्यापासून पायापर्यंत तपासतं. काम चांगलं करतात, हृदयाला छिद्र असलेली मुलं यांच्यामुळेच वेळेवर सापडली. त्यांच्या मूळ यादीत ३० आजार आहेत. बालकर्करोग त्यात नाही. माझ्या भाच्याला कित्येक आठवडे आधी टायफॉइडची आणि मग अशक्तपणाची औषधं चालली; पाय दुखतात म्हणून एका खासगी दवाखान्यात स्टेरॉइड द्यायचं चाललं होतं, ते घेतलं नाही हे आमचं नशीब, कारण त्यानं हा आजार काही काळ दडतो आणि निदान आणखी लांबतं. दोन आठवड्यांहून जास्त ताप, फिकेपणासोबत अंगावर काळेनिळे डाग, रात्री हाडं दुखून मूल उठणं, आंघोळ घालताना पोटात हाताला लागणारी गाठ, फोटोत बुबुळात दिसणारी पांढरी चमक, सकाळी डोकेदुखी आणि उलटी. एवढ्या खुणा पथकाच्या कार्डावर आणि आमच्या प्रशिक्षणात घाला. वजन-उंची आम्ही दर महिन्याला मोजतोच. या पोरांना आम्ही त्यांच्या डॉक्टरांपेक्षा जास्त वेळा बघतो.

यातल्या प्रत्येक गोष्टीला वेगळा निर्णय लागेल, वेगळी खाती लागतील, पैसा लागेल, हे मला समजतं. भत्त्याचा निर्णय अधिवेशनात घ्या, लसीचा जिल्हा पातळीवर घ्या, यादीसाठी केंद्राला लिहा. पण तापाचा आदेश याच महिन्यात काढता येतो. त्यासाठी कुणाची मंजुरी आणायची नाही, कुठलं टेंडर नाही. पावसाळा तोंडावर आला आहे, तापाचे दिवस सुरू होतील, आणि मेंटेनन्समधली मुलं आज गावोगावी घरी आहेत.

आदेश निघाल्यावर तो खाली पोचला की नाही, हे बघायची एक सोपी पद्धत सुचवते. एखाद्या रात्री बारा वाजता आपण स्वतः कुठल्याही ग्रामीण रुग्णालयात फोन लावा. नाव सांगू नका. विचारा, “माझ्या मुलाची केमो चालू आहे, त्याला एकशे एक ताप आहे, आणू का?” पलीकडून “लगेच आणा” असं उत्तर आलं, तर आदेश पोचला.

कळावे,

आपली,
केमो घेणाऱ्या एका मुलाची मावशी,
अंगणवाडी सेविका, मराठवाडा

प्रत माहितीसाठी व योग्य त्या कार्यवाहीसाठी: सर्व जिल्हा शल्यचिकित्सक, सर्व जिल्हा आरोग्य अधिकारी, सर्व मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद.